अफूचा अड्डा पुरे, आता गोदाम दाखवा

प्रति,
मुंबईत चित्रपट आणि वेब मालिका करणारे निर्माते, दिग्दर्शक, लेखक आणि कलादिग्दर्शक यांस,

स. न. वि. वि.

एकोणिसाव्या शतकातला आशिया पडद्यावर आणायचं ठरलं की अफू येतेच, आणि येते ती ठरलेल्या वेषात. तळघर, लाल कंदील, फळीवर आडवा पडलेला चिनी माणूस, कोपऱ्यात डोळे अर्धवट मिटलेली बाई आणि सगळ्यावर धूर. हा देखावा परदेशी सिनेमानं शंभर वर्षं चालवला आणि आपणही तो तिथूनच उचलला. त्या तळघरातली अफू आली कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलं तर कॅमेरा वळवून मुंबई बंदरावर आणावा लागेल आणि तिथून घाट चढून माळव्यात न्यावा लागेल. तुम्ही तो वळवावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मी ऐतिहासिक मालिकांना संदर्भ शोधून देण्याचं काम करते. पागोटं कुठल्या घाटणीचं, दिव्याला काच होती का, हुंडी कशी लिहीत, असली कामं. काही वर्षांपूर्वी एका निर्मितीसंस्थेत १८४० च्या सुमाराच्या कथानकावर बैठक होती. नायक मुंबईचा, दोन भाग चीनमध्ये घडणार. मी माळव्याच्या अफूवर टिपण करून दिलं होतं, ते कुणी उघडलेलं नव्हतं. ‘ताई, हे सगळं छान आहे, पण आपल्याला तो चायनीज अड्ड्याचा फील हवाय,’ असं म्हणून माझ्याकडे कंदिलांचे फोटो मागितले गेले. मी दिले. मालिका पुढे बारगळली, त्याचं कारण वेगळं. पण मुंबईचा नायक चीनला कशासाठी निघालाय, हे संहितेत एका शब्दात उरकलं होतं: ‘व्यापारासाठी’.

कसला व्यापार, ते सांगायला काय हरकत होती?

आधी परदेशी पडद्याकडे पाहू. ग्रिफिथच्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’मध्ये (१९१९) एक चिनी तरुण बुद्धाची शिकवण घेऊन लंडनला जातो आणि शेवटी लाइमहाउसच्या गल्लीत दुकान टाकून अफूच्या नादी लागतो. भूमिका गोऱ्या नटानं केली आहे. सिनेमाला त्या तरुणाबद्दल कणव आहे, हे मान्य. पण चीनला ही सवय लावणारा माल त्याच लंडनच्या राज्यात, सरकारी देखरेखीखाली तयार होत होता, याची या सिनेमाला गंधवार्ता नाही. व्यसन जणू चिनी माणसाच्या रक्तातच असतं. पुढे कितीतरी रहस्यपटांनी हेच तळघर भाड्यानं घेतलं. आपल्याकडेही ‘हावडा ब्रिज’मध्ये (१९५८) कलकत्त्याच्या चिनी वस्तीतला खलनायक जॉन चँग मदन पुरींनी रंगवला. चिनी चेहरा म्हणजे काळा धंदा, हे समीकरण आपल्या प्रेक्षकाच्या डोक्यात घट्ट बसलं ते अशा सिनेमांमुळेच.

फ्रेंचांनी त्यात जरा नजाकत आणली. ‘इंदोशीन’ (१९९२) हा ऑस्कर मिळालेला सिनेमा. त्यात रबराच्या मळ्याची मालकीण झालेली कॅथरीन दनव्ह अफू ओढते, ती एका एकाकी बाईची उदासी म्हणून. प्रत्यक्षात फ्रेंच इंडोचायनात अफू हा सरकारी मक्ता होता. सायगावला सरकारचा अफूचा कारखाना होता आणि त्याला लागणारी कच्ची अफू बरीचशी हिंदुस्थानातून जायची. म्हणजे त्या सुंदर उदासीवर अबकारी खात्याचा शिक्का होता. तेवढा शिक्का दाखवला असता तर सिनेमा कुरूप झाला असता, असं मला वाटत नाही.

चिनी सिनेमानं साहजिकच हीच गोष्ट उलट्या बाजूनं सांगितली. १९५९ साली, लोकसत्ताक राज्याच्या दहाव्या वर्धापनदिनाच्या निमित्तानं ‘लिन झेशू’ आला. झाओ दान या मोठ्या नटानं त्यात अफू जप्त करणारा करारी अधिकारी उभा केला. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनला परत मिळालं, त्याच उन्हाळ्यात दिग्दर्शक शिए जिन यांचा ‘अफूचं युद्ध’ प्रदर्शित झाला. त्यासाठी हेंगदियन इथे जुन्या कॅंटन बंदराच्या (आजचं ग्वांगझो) गल्ल्यांचा सेट उभारला गेला आणि त्यातून पुढे चीनची अवाढव्य चित्रनगरी वाढली. अफूच्या एका सिनेमापोटी चित्रनगरी जन्माला येते, हे आपल्या गोरेगावकरांनी ध्यानात ठेवण्याजोगं आहे. सिनेमाही नुसता घोषणाबाज नाही. दरबारातली भ्रष्ट माणसं, व्हिक्टोरिया राणी, लंडनच्या पार्लमेंटातला वाद, सगळं त्यात आहे. पण झगडा कॅंटन आणि लंडन यांच्यातला. मधला हिंदुस्थान कथेच्या केंद्रात कधी येत नाही.

सगळ्यात मासलेवाईक उदाहरण १९४३ चं. जपानच्या ताब्यातल्या शांघायमध्ये लिन झेशूवरच एक सिनेमा निघाला. त्यात ली श्यांगलान ही नटी गोळ्याबिस्किटं विकता विकता अफूविरुद्ध गाणं म्हणते. ही नटी मुळात जपानी, यामागुची योशिको. इंग्रजांनी आशियाला कसं नासवलं, हे सिनेमा सांगतो. आणि त्याच वर्षी मांचुरियातलं जपानी कळसूत्री सरकार अफूच्या मक्त्यावर पैसे कमवत होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी हे उदाहरण मुद्दाम देते आहे. पडद्यावर अफूचं बोट नेहमी दुसऱ्याकडेच वळतं. ज्याच्या हाती कॅमेरा, त्याचं गोदाम कधी दिसत नाही. आपण मात्र अजून या खेळात उतरलेलोच नाही. निळीचे मळे दाखवले, शेतसारा दाखवला, काडतुसं दाखवली. अफूवर माझ्या पाहण्यात तरी धड काही नाही.

एका सिनेमाचं नाव आदरानं घ्यायला हवं. हौ श्याओ-श्येन यांचा ‘फ्लॉवर्स ऑफ शांघाय’ (१९९८). शांघायच्या इंग्रजी वसाहतीतली नाचगाण्याची घरं, तेलाच्या दिव्यांचा पिवळा उजेड, आणि अफू ओढण्याची सगळी हालचाल जशीच्या तशी. नळी दिव्यावर धरायची, गोळी सुईनं फिरवायची, पुढे सरकवायची, कुणीतरी दुसऱ्यानं भरून द्यायची. गोरा माणूस त्यात जवळपास दिसतच नाही आणि तरी त्या बंद खोल्यांत साहेबाचं राज्य जाणवत राहतं. कलादिग्दर्शक मंडळींनी हा सिनेमा दोनदा पाहावा. एकदा गोष्टीसाठी आणि एकदा हातांसाठी.

कारण अफू तंबाखूसारखी जळत नाही. दिव्याच्या धगीवर तिची वाफ होते. त्यामुळे सेटवर दोन-दोन यंत्रं लावून सोडलेलं धुकं हे शुद्ध नाटक आहे. दुसरी गोष्ट. आपल्याकडे अफू मुख्यतः खाल्ली जायची किंवा पाण्यात विरघळवून प्यायली जायची. माळवा-राजस्थानात पाहुण्याला कसुंबा देण्याची रीत होती. ओढणारेही होते, ओढायच्या अफूचं मदक होतं, ती ओढायचे अड्डे म्हणजे चंडोलखाने होते. पण जुन्या काळातला मराठी किंवा माळवी माणूस लांब चिनी नळी घेऊन पडलेला दाखवलात तर जाणकार हसतील. (आणि खाली कोपऱ्यात ‘धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे’ ही पाटी लावावी लागेल, ती वेगळीच.)

आता गोदामाकडे येते. सेट लावणाऱ्यांना भुरळ पडेल अशी गोष्ट तिथे आहे.

बंगाल-बिहारकडची अफू ही कंपनी सरकारची मक्तेदारी होती. १७७३ पासून मक्ता, आणि १७९७ पासून सगळा कारभार कंपनीनं आपल्या एजन्सींकडे घेतला. पाटणा आणि गाझीपूर ही दोन ठाणी. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची, तिला दादनी म्हणत. एकदा ती घेतली की खसखशीचं पीक लावायचं, सगळा चीक सरकारात भरायचा आणि भाव सरकार ठरवेल तो. लाखो कुटुंबं यात होती, त्यांत कोइरी या शेतकरी जातीची मंडळी पुष्कळ. बोंडाला दुपारनंतर नश्तरानं चिरा द्यायच्या, रात्रभर चीक पाझरतो, दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरवडून घ्यायचा. ज्या पाकळ्या गळून पडतात त्या बाया-मुलांनी वेचायच्या, मातीच्या तव्यावर शेकून दाबून त्यांच्या पोळ्या करायच्या. या पोळ्या कारखान्यात विकत घेतल्या जात, कारण अफूच्या गोळ्याचं कवच त्यांचंच असायचं.

कारखान्यात एकेका माणसापुढे पितळी वाटी. वाटीत आधी पाकळीच्या पोळ्या एकावर एक, त्या चिकटवायला ‘लेवा’ नावाची खळ, मग मोजून घातलेली अफू, वरून पुन्हा पोळ्या. तयार गोळा लहान नारळाएवढा, वजनाला दीड किलोच्या आसपास. असे ४० गोळे एका पेटीत, दोन थरांत वीस-वीस, प्रत्येकाला वेगळा कप्पा. कंपनीच्या लष्करातल्या वॉल्टर शेरविल या अधिकाऱ्यानं १८५० च्या सुमारास पाटण्याच्या कारखान्याची चित्रं काढली, ती छापली गेली आणि आज सहज पाहायला मिळतात. त्यांतलं गोळे साठवण्याच्या दालनाचं चित्र बघा. छतापर्यंत गेलेल्या मांडण्या, त्यांवर रांगेनं हजारो गोळे आणि मांडण्यांवर चढलेली पोरं. गोळ्यांना कीड-बुरशी लागू नये म्हणून ते फिरवत राहायचं, हे त्या पोरांचं काम. एवढं शिस्तीचं, स्वच्छ, उजेडाचं दालन. धुराचा मागमूस नाही. मला तरी साम्राज्याचा चेहरा तळघरापेक्षा या दालनात जास्त नीट दिसतो. कारकून आहेत, वजनकाटे आहेत, नोंदवह्या आहेत. पुढे कलकत्त्याला लिलाव व्हायचा, व्यापारी विकत घ्यायचे आणि चीनमध्ये चोरून उतरवायचे. कंपनीचे हात कोरडे.

ही झाली बंगालची गोष्ट. आपली गोष्ट माळव्याची आहे आणि ती जास्त अडचणीची आहे.

माळव्याची अफू कंपनीची नव्हती. ती होळकर, शिंदे, धार-देवासचे पवार आणि आसपासच्या राजपूत संस्थानांच्या मुलखात पिकायची. म्हणजे जकात घेणाऱ्या दरबारांपैकी मोठे दरबार मराठे होते. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरच्या तहानं होळकर कंपनीच्या अंकित झाले. मग कंपनीनं ही अफू आधी स्वतः खरेदी करून पाहिली, मग संस्थानांशी करार करून अडवून पाहिली. जमलं नाही. सावकार, बंजारे, उंटवाले यांनी माल राजस्थानातून पाली, जैसलमेर, कराची आणि तिथून जहाजानं पोर्तुगिजांच्या दमणला नेला. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीनं हात टेकले आणि पास सुरू केले. पेटीमागे ठरावीक फी भरा आणि माल उघडपणे मुंबईला आणा. १८४३ मध्ये सिंध गिळंकृत केल्यावर कराचीची वाट बंद झाली, तशी ही फी चढत गेली. मक्ता नसतानाही तिजोरी भरत राहिली.

मुंबईत हा माल घेणारी मंडळी कोण, ते बघा, आणि मग सांगा की पात्रं मिळत नाहीत. जमशेटजी जीजीभॉय, लहानपणी आईबाप गेलेला पारशी मुलगा, चीनच्या पाच सफरी केलेला. १८०५ च्या सफरीत फ्रेंचांनी त्यांचं जहाज पकडलं, आणि त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. पुढे चीनमधला सर्वांत मोठा अफूव्यापारी झालेला तो हाच जार्डिन. जमशेटजींच्या पेढीत भागीदार मोतीचंद अमीचंद हे जैन आणि महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान. सोबतीला दमणच्या वाटेचा जाणकार, गोव्याचा ख्रिस्ती व्यापारी रोजेरिओ द फारिया. पारशी, जैन, कोकणी मुसलमान, गोंयकार. आणि माल मराठ्यांच्या मुलखातला. सर्वधर्मसमभावाचं इतकं सोज्वळ उदाहरण तुमच्या कुठल्याही लेखकाला सुचलं नसतं.

आणि मागणी केवढी! १८०० च्या आसपास हिंदुस्थानातून चीनला वर्षाला चारेक हजार पेट्या जायच्या. १८३८-३९ पर्यंत हा आकडा चाळीस हजारांच्या घरात गेला. १८३९ च्या मार्चमध्ये लिन झेशू कॅंटनला पोचला आणि त्यानं परदेशी वखारी कोंडल्या. अडकलेल्यांत पारशी व्यापारीही होते. २०,००० हून जास्त पेट्या जप्त झाल्या, त्यांतला मोठा वाटा हिंदी व्यापाऱ्यांचा.

पडद्यावर पुष्कळदा ‘अफूची होळी’ असते. ती होळी नव्हतीच. ३ जूनपासून तीनेक आठवडे कॅंटनजवळ हूमेनच्या किनाऱ्यावर चर खणून, त्यांत पाणी आणि मीठ घालून, गोळे फोडून टाकले, वर कळीचा चुना ओतला. खदखदणारा तो रबडा ओहोटीबरोबर समुद्रात सोडला. आणि त्याआधी लिननं समुद्रदेवतेची क्षमा मागणारं स्तोत्र लिहिलं. पाणी घाण होणार आहे, तेव्हा जलचरांना थोडे दिवस दूर जायला सांग, अशी त्यात विनंती आहे. माझ्या हातात कॅमेरा असता तर मी तोफा राहू दिल्या असत्या आणि हा प्रसंग घेतला असता. दुसऱ्याच कटला मुंबईत फोर्टातली पेढी. बातमी उशिरानं पोचलेली, पत्र हातात, आणि चोपडीत ती रक्कम कुठल्या बाजूला लिहायची हे विचारणारा मेहता.

यावरूनच इंग्रजांशी युद्ध झालं, चीन हरला. २९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगचा तह झाला, तो ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर. ही नौका १८१३ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली. चीनच्या आधुनिक इतिहासातला सर्वांत अपमानाचा करार मुंबईत बांधलेल्या जहाजावर सह्या होऊन झाला, हे आपल्या किती प्रेक्षकांना माहीत आहे? तहात चीननं २ कोटी १० लाख डॉलर भरायचे ठरले, त्यांतले ६० लाख नष्ट केलेल्या अफूचे. आणि त्याच वर्षी जमशेटजी ‘सर’ झाले. असा मान मिळवणारे पहिले हिंदी गृहस्थ.

इथे तुमच्यापैकी बरेच जण कचरतील, ते मला ठाऊक आहे. एखाद्या समाजाच्या भावना दुखावतील, ट्रस्टची नोटीस येईल, कुणीतरी पोस्टर फाडेल. भीती खोटी नाही. पण मी कुणा एका समाजाला खलनायक करा म्हणत नाही. तसं केलंत तर आजवरच्या सिनेमांत आणि तुमच्यात फरक काय? अफू तेव्हा ना इथे गुन्हा होती ना इंग्लंडात. जमशेटजींची कमाई कापसाचीही होती, आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी वाटलीही. जे. जे. रुग्णालय, माहीमचा कॉजवे, जे. जे. कला महाविद्यालय. बगदादहून १८३२ मध्ये मुंबईला आलेल्या डेव्हिड ससून यांच्या घराण्यानं पुढे अफूच्या व्यापारात सगळ्यांना मागे टाकलं. त्यांच्या देणगीतलं रुग्णालय पुण्यात गोरगरिबांचा आधार आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. अशी गाठ असलेलं पात्र मिळावं म्हणून लेखक आयुष्यभर डोकं खाजवतात.

तुमच्या स्वतःच्या धंद्याचंही सांगते. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये चित्रकला शिकायला गेले ते जे. जे. स्कूलमध्येच. तुमच्यातले कितीतरी कलादिग्दर्शक तिथलेच. म्हणजे भारतीय सिनेमाच्या वंशावळीतही हा पैसा कुठेतरी आहे. लाजायला नको, पण ‘आमचा काय संबंध’ असंही म्हणता येणार नाही.

वेशभूषाकारांना एक सांगणं आहे. पारशी बाईला गारा नेसवायला तुम्ही विसरत नाही. ते भरतकाम चीनचं, कॅंटनहून परतणाऱ्या व्यापाऱ्यांनी आणलेलं. ती साडी ज्या प्रसंगात येते, तिथे नुसतं एका पात्राच्या तोंडून ‘या खेपेला काय भरून गेलं होतं?’ एवढं विचारवून बघा.

उलट बाजूची चूकही होऊ देऊ नका. हिंदी व्यापारी भागीदार होते हे दाखवताना इंग्रज सुटता कामा नये. मक्ता कंपनीचा, पास कंपनीचे, आरमार इंग्रजांचं आणि युद्धही त्यांचंच. हिंदी व्यापारी धाकटे भागीदार. जोवर गरज होती तोवर मान, पुढे इंग्रजी पेढ्या आणि बँकांनी त्यातल्या बहुतेकांना बाजूला सारलं. परकी राज्य चालतं ते असं, स्थानिक माणसाला वाटा देऊन. हे आपल्या पडद्यावर येत नाही, कारण आपल्याला गोरा अधिकारी चाबूक घेऊनच लागतो. चाबकाचा साहेब दाखवायला सोपा. पास देणारा, नम्रपणे पावती फाडणारा साहेब दाखवायला नट चांगला लागतो.

विरोध करणारे आपल्यातही होते, तेही विसरू नका. दादाभाई नौरोजी कामा आणि कंपनी या पारशी व्यापारी पेढीतून बाहेर पडले ते तिथल्या असल्या कमाईत मन रमेना म्हणून. पुढे त्यांनी लिहून ठेवलं की हा व्यापार इंग्लंडच्या माथ्यावरचं पाप आहे आणि त्याचं हत्यार झाल्याबद्दल हिंदुस्थानला तो शाप आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी विशी ओलांडते न ओलांडते तोच, १८८१ मध्ये, चीनमधल्या या मरणाच्या व्यापारावर बंगालीत लेख लिहिला. आणि पुण्याच्या सुंदराबाई पवार! पंडिता रमाबाईंच्या सहकारी. या बाई इंग्लंडला गेल्या, तिथल्या सभांमध्ये अफूविरुद्ध बोलल्या आणि १८९२ मध्ये इंग्रज सरकारवर अफूच्या गुन्ह्याचा आरोप ठेवणारी इंग्रजी पुस्तिका त्यांच्या नावावर प्रसिद्ध झाली. एक मराठी ख्रिस्ती बाई, एकोणिसावं शतक संपायच्या आत, साहेबाच्या देशात उभी राहून साहेबाला जाब विचारते. तिच्यावर मराठीत सिनेमा नाही. पेशवाईवर अजून किती काढणार आहात?

त्यांच्यानंतरची एक गोष्ट तर गिरणगावाची आहे. तान्हं मूल घरी ठेवून गिरणीत जाणारी बाई त्याला अफूची बाळागोळी द्यायची. पाळी संपेपर्यंत पोर निपचित पडून राहायचं. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगार बायांच्या आरोग्याची पाहणी झाली, तेव्हा हे सर्रास चालतं असं अहवालांत नोंदलं गेलं. अफू सरकारमान्य दुकानात मिळायची, अबकारीचं उत्पन्न होतं ते. चीनला जाणारा माल १९१३ नंतर थांबला होता, लोक समजत होते की अफूची गोष्ट संपली. इथे ती परळच्या खोलीत, झोळीत झोपली होती. गिरणगावावर इतकी नाटकं, इतके सिनेमे झाले. संप आला, टोळ्या आल्या, खानावळी आल्या. ही गोळी कुणी दाखवली नाही.

मराठी प्रेक्षकाला पडद्यावरचा चीन भेटला तो व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’तून (१९४६). सोलापूरचा डॉक्टर १९३८ मध्ये चीनला जातो, जखमी सैनिकांवर उपचार करता करता तिथेच मरतो. सिनेमा मोठाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मुंबईहून चीनला गेलेल्या माणसांचा पडद्यावरचा इतिहास कोटणिसांपासून सुरू होतो, हे जरा सोयीचंच झालं. त्याआधीच्या शंभर वर्षांत मुंबईहून काय गेलं, हे माहीत असतं तर कोटणिसांचं जाणं प्रेक्षकाला अधिकच मोठं वाटलं असतं. दोन भागांची मालिका इथूनच निघू शकते. कल्पना फुकट देते आहे, श्रेयनामावलीत नाव नको.

साधनं हाताशी आहेत. जमशेटजींच्या पेढीची पत्रं मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. राज्य पुराभिलेखागार फोर्टात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तुमच्या बैठका होतात तिथून लोकलनं तासाभरावर. मकाव, हाँगकाँग आणि कॅंटनजवळच्या व्हांपोआला पारशी व्यापाऱ्यांची दफनभूमी अजून आहे, परदेशी चित्रीकरणाचा हट्ट असेल तर स्वित्झर्लंडऐवजी तिकडे जा. गाझीपूरचा कारखाना १८२० पासून चालू आहे, आता औषधांसाठी. आणि मंदसोर-नीमचकडे आजही परवान्यावर खसखशीची शेती होते. फुलं थंडीत, पांढरीशुभ्र. चिरा लावण्याचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये. शेतावर गेलात तर सकाळी लवकर जा, चीक खरवडतात तो वेळ तोच. मात्र एकेका वाफ्यावर सरकारची नजर असते, कारण परवान्यासाठी ठरलेलं किमान उत्पादन भरावं लागतं. युनिटचा फौजफाटा शेतात घुसवून झाडं तुडवलीत तर त्या शेतकऱ्याचा परवाना जाऊ शकतो. परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्य कार्यालय ग्वाल्हेरला आहे. चौकशी दिवाळीच्या आधीच करून ठेवा.

माझं माळव्याचं टिपण अजून माझ्याकडे आहे. ज्याला हवं त्यानं मागावं. कंदिलांचे फोटो मात्र आता देणार नाही.

कळावे,
आपली,
संदर्भ शोधून देणारी एक